समोरच्या दारानं

८ जानेवारी १९६२, अमरावती
घुसली म्हणे! मी!

काल खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. आज शाळेतून आले तर घरमालकांची आई, पार्बताबाई, बैठकीत बसून मला ऐकू जाईल अशा बेतानं सुनेला सांगत होती — "पाह्य वं आशा, कोन घुसली घरात. अन् तेई समोरच्या दारानं!"

बैठकीला लागूनच माझी खोली. कुलूप उघडून आत गेले. पाठोपाठ सून आशाबाई बादली घेऊन आलीच. मी चालले तेवढी फरशी धुतली.

किल्ली मालकांनी, महादेवरावांनी, आपल्या हातानं दिली होती. दिवसाढवळ्या. मी नाव सांगितलं, मैना जानराव. गाव सांगितलं, बार्शीटाकळीजवळचं. आडनाव त्यांनीच विचारलं नाही. "मास्तरीण ना? मंग झालं," म्हणाले. मी काय लपवलं? काहीच नाही.

९ जानेवारी
शब्द डोक्यातून जात नाही.

पाहुणा येतो. सून येते. जावई तर पायधूळ झाडतो. आणि कुत्रं घुसतं, चोर घुसतो, डुक्कर पराटीच्या शेतात घुसतं. दार तेच, उंबरठा तोच. कोण कसं आलं ते हा शब्द सांगतच नाही. आत बसलेल्याच्या पोटात काय आहे तेवढं सांगतो.

जेवले नाही.

१२ जानेवारी
आशाबाई खोलीच्या दारात उभी राहिली. आत पाय नाही!

"खोली सोडा नाही म्हनत मी," म्हणाली. "बोळीतल्या मागच्या दारानं येत जा. आंगनातून खोलीले दुसरं दार हायेच. मंग कोनाचं बोलनं नाही."

मी म्हटलं, जमणार नाही. महादेवरावांकडे गेले. ते सुपारी कातरत होते. "तुमी बाया बाया पाहून घ्या." भला माणूस!

शाळेजवळ दुसरी खोली मिळत नाही. जिथे गेले तिथे आधी आडनाव विचारलं. ही खोली गेली तर नोकरीही गेल्यातच जमा, गावाहून रोज येणं होत नाही. तरी मागच्या दारानं जाणार नाही. म्हणजे नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाचं ताट माझ्या दारासमोरून गेलं आणि तसंच परत आलं.

१६ जानेवारी
चौथीला आज शब्दांचा वाक्यात उपयोग होता. रागाच्या भरात फळ्यावर लिहिलं — घुसणे. मुलींनी उंदीर, साप, बोके, सगळे घुसवून झाले. मग सुभद्रा उठली. आशाबाईची मुलगी, पुढेच बसते.

"आमच्या घरात बाई घुसल्या."

बस म्हटलं. ती बसेना. अजून एक येतं म्हणाली. "आमची आई मागच्या दारानं घुसली."

सगळा वर्ग हसला. कोण म्हणतं असं, मी विचारलं. "आजी. रोजच म्हनते."

मधल्या सुट्टीत तिसरीच्या इंदूबाईंनी उलगडा केला. आशाबाईचा पाट लागलेला. पहिला नवरा वारला, मग महादेवरावांशी. पाटाची बायको अंधारात, मागच्या दारानं घरात घेतात. वाजंत्री नाही, माप ओलांडणं नाही. एका रात्रीपुरता रिवाज तो, पण सासूनं हिला कायमचंच ते दार नेमून दिलं. खरंच, समोरच्या उंबऱ्याबाहेर मी हिला कधी पाहिलेलं नाही.

दया यायला हवी होती. नाही आली. उलट डोकंच फिरलं. जिला चटके बसले तीच दुसऱ्याला डाग द्यायला निघाली!

२१ जानेवारी, रविवार
बाबा आले. आणि सरळ मागच्या दारानं आले! कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर गावात पाटलाकडे त्याच बाजूनं गेले, पायांना तेवढीच वाट ठाऊक. अंगणात खोकल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं तर चपला हातात.

मी ओरडले त्यांच्यावर.

"काहून गलका करतं बाई," म्हणाले. "दार ते दारच. त्या बाईनं पानी देलं मले. गडवा हातात देला, वरून नाही वतलं." खूश होते! त्या खुशीचाच मला जास्त राग आला.

आशाबाई तिथेच धुणं वाळत घालत होती. "शिका काई बापापासून," म्हणाली. "मी इतले वर्सं याच दारानं येऊन राहिली. मेली काय?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "तुमची सुभद्रा भर वर्गात उठून सांगते, आमची आई मागच्या दारानं घुसली. साऱ्या मुली हसल्या."

तिचा हात दोरीवरच राहिला. मग ओलं लुगडं खांद्यावर टाकून ती आत गेली.

बाबांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले. गाडीत चढताना एवढंच म्हणाले — "हे सांगाले नोको होतं तिले."

मला बरं वाटलं होतं. घटकाभर. आता वाटत नाही. पण खोटं काय बोलले मी?

२३ जानेवारी
आज फरशी धुतली नाही.

२५ जानेवारी
शाळेतून आले तर अंगणात विटा. मागच्या दाराची चौकट उपटून ठेवलेली आणि गवंडी ते दार बुजवत होता, भिंत कमरेपर्यंत आलेली. त्याला आशाबाईनं स्वतः बोलावून आणलं. म्हातारी कपाळ बडवत होती. महादेवराव नुसते उभे. आशाबाई पदर खोचून गारा कालवत होती, माझ्याकडे पाहिलं नाही.

"उद्यापासून सारे समोरूनच येतीन," म्हणाली. "पयले मी."