वहीतले सात जादा वेढे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा विजेच्या जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून देण्याचा, आज सकाळी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय आणि राजीखुशीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याचे बेअरिंग गेले आहे हेही सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; मरायला सवडच नव्हती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, थोरल्या मुलीला. तिची आई गेल्यापासून तिने माझे सगळे केले आणि वर माझी बोलणीही खाल्ली. मोरीचा नळ गळतो. उद्या करतो, उद्या करतो म्हणत तो तसाच राहिला, त्याबद्दल तिची माफी मागतो. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. माझी शिडी अकरा वर्षे मेहुण्याकडे आहे. ती त्यालाच ठेवू द्यावी. मात्र शिडी माझी होती, एवढे त्याने दोन माणसांसमोर तोंडाने म्हणावे.

कलम ३. कारखान्याची जागा, वेढे घालायचे यंत्र, वेढ्यांवरचे व्हार्निश भाजायची भट्टी आणि भिंतीवरची सगळी हत्यारे पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रशिक्षण केंद्राला. बँकेतल्या ठेवीचे व्याज तिथे शिकणाऱ्यांच्या जाण्यायेण्याला आणि जेवणाला.

थोरली विचारेल, बाबांना हे काय सुचले. केंद्रात शिकवणाऱ्या निदेशकबाई माझ्याकडे तीनदा आल्या होत्या. मुले परीक्षा पास होतात, पण जळकी मोटार कोणी उघडून पाहिलेली नसते, म्हणून कारखानेवाले त्यांना फाटकावरूनच परत पाठवतात, असे त्यांचे म्हणणे. आठवड्यातून दोन दिवस मुलांना इथे बसू द्या, एवढेच मागत होत्या. दोन वेळा मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले. तिसऱ्या वेळी त्या एका मुलीला घेऊन आल्या. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणले होते तिने. मी खोडसाळपणे तिच्यापुढे एक मोटार ठेवली. तिने छिन्नी उचलली आणि थेट आतली तारेची कॉइल कापायला घेतली.

मी म्हटले, "अगं, वेढे मोजलेस का आधी?"

ती थांबली. म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही."

लाजली नाही, चिडली होती, आणि तिचे बरोबरच होते. जुने वेढे न मोजता कापले की नवे किती घालायचे ते कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. ज्याला मी सांगितले नव्हते असे एक माणूस माझ्याच घरात होते.

कलम ४. हिरवी वही. तिच्यात चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मोटारीचे वेढे लिहिलेले आहेत. माझ्या उस्तादांची रीत अशी, की वहीत खऱ्या आकड्याहून सात जास्त लिहायचे, म्हणजे चोरून वाचणाऱ्याची फजिती होते. मीही तेच केले आणि कोणालाही सांगितले नाही.

धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना वस्तीच्या पाण्याच्या पंपाची मोटार आली. कॉइल दुसऱ्याच कोणीतरी आधी कापून टाकलेली, मोजायला काही उरले नव्हते. मी बाहेर गेलो होतो. पोराने कपाटातून वही काढली आणि मला आनंद व्हावा म्हणून एकट्याने ती मोटार वेढली. फिरलीही ती. पण पाणी ओढायची वेळ आली तशी धापा टाकायला लागली, आणि थोड्या वेळात धूर. मी गिऱ्हाइकासमोर त्याला म्हणालो, "तुझ्या हातात काही नाही. दुसरं काहीतरी बघ."

त्याने बघितले. चोवीस वर्षे तो मालाच्या गोदामात पावत्या फाडतो आहे. घरातला दिवासुद्धा बदलत नाही, असे सूनबाई सांगते.

तो गेल्यावर मी ती मोटार उघडून मोजली. हवे होते बेचाळीस. प्रत्येक कॉइलमध्ये एकोणपन्नास निघाले. पोराने वहीवर विश्वास ठेवला होता. मला त्याच घटकेला सगळे कळले आणि मी गप्प बसलो. आधी अब्रूसाठी, मग सवयीने. याची मला लाज वाटते.

म्हणून वही केंद्राला, पण एका अटीवर. पहिल्या पानावर मी आज ठळक अक्षरांत लिहिले आहे: प्रत्येक आकड्यातून सात वजा करा. ते पान कोणी फाडू नये आणि वहीच्या कपाटाला कुलूप लावू नये.

कलम ५. धाकट्याला, त्या मोटारीतली एक कॉइल. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात फडक्यात बांधून ठेवली आहे. केंद्राला इथे शिकवायला माणूस हवा आहे. मी निदेशकबाईंना त्याचे नाव दिले आहे. जायचे की नाही ते त्याने ठरवावे, थोरलीने मागे लागू नये. फक्त हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

बाळा, ती कॉइल जळून काळी झाली आहे, तरी उजेडात धरून बघ. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. मोटारीच्या त्या अरुंद खाचेत बेचाळीस बसवताना माझी बोटे सोलून निघत. तू एकोणपन्नास बसवलेस. मला ते कधीच जमले नसते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि बरोबर असल्याची खात्री केली.

ठिकाण: कारखान्याची पुढची खोली. तारीख: नऊ मार्च.

साक्षीदार: १. शेजारचा छापखानेवाला (सही). २. निदेशकबाई (सही).

सही: तुमचा बाप