बाळा येऊन लावेल तो प्रिंटर

२८ सप्टेंबर १९९९, मंगळवार
आले: इंकजेट प्रिंटर एक नग, ६,२००. केबल १५०. कागद शंभर, ३५. रिक्षा उल्हासनगर ते अंबरनाथ, भांडून ३०.

पितृपक्षात नवी वस्तू कोणी घेत नाही, म्हणून सिंधी दुकानदाराने तीनशे सोडले. आणला, पण खोके उघडले नाही. उघडले नाही म्हणजे घेतल्यात जमा नाही.

बाळा बंगलोरला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. जाताना म्हणाला होता, आई, प्रिंटर घेशील तेव्हा मी येऊन लावून देईन. त्याला चौदा महिने झाले. मंडळाचे हिशेब छापायचे म्हणून आता घेतला.

दुकानदाराने विचारले, भाभी, सिस्टीम कौनसा है. बाळाने लिहून ठेवलेली चिठ्ठी दाखवली. म्हणाला, लिनक्स में ये पुराना मॉडेल आँख मूँद के चलेगा, साढ़े सात हजार. नया सिर्फ विंडोज पे. लिनक्स में मेरी गॅरंटी नहीं, पंद्रह दिन में बदल लेना.

नवा घेतला. तेराशे वाचले. दुसरे काही कारण नाही.

३० सप्टेंबर
हे ड्युटीवरून आले, खोके पाहिले, म्हणाले, त्याला यायचे असते तर प्रिंटर लागला नसता. ह्यांच्या चहात साखर घातली नाही. साखर महाग झाली आहे.

४ ऑक्टोबर
बूथवरून बाळाला फोन. म्हणाला, अगं आई, तो नाही चालणार, बदलून जुना आण. दसऱ्याला येतोस का विचारले. बघतो म्हणाला. बघतो म्हणजे येतोच, लहानपणापासून त्याचे तसे आहे.

बदलणे म्हणजे पुन्हा खरेदी. पितृपक्षात एकदा देव चालवून घेतो, दोनदा नाही.

१० ऑक्टोबर, घटस्थापना
घट एकटे सोडून उल्हासनगरला कशी जाऊ? नवमी झाली की नक्की.

१४ ऑक्टोबर
बदलापूरला जाऊन हरभऱ्याची डाळ दोन किलो आणली, तिथे स्वस्त पडते. घट असताना बदलापूर चालते. प्रिंटर बदलायची मुदत काल संपली. आता इलाज नाही, बाळालाच यावे लागेल.

१९ ऑक्टोबर, दसरा
खोक्याला झेंडूची माळ घातली. वर आपट्याचे पान, बाळाच्या वाटणीचे. दुपारी फोन केला. काम निघाले म्हणाला, दिवाळीलाही कठीण आहे. कठीण म्हणजे नाही असे नव्हे. पंधरा पुरणपोळ्या शेजारी कमळाबाईंकडे दिल्या. ह्यांनी एकच खाल्ली.

२४ ऑक्टोबर, कोजागिरी
कमळाबाईंची सून सरस्वती डबा परत द्यायला आली. एमआयडीसीत कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते. म्हणाली, काकू, खोक्याची पूजाच करणार की लावणार? मी म्हटले, हा लिनक्सवर चालत नाही, बाळा येऊन बघेल. म्हणे, आमच्याकडे हाच आहे, जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर दिला की गुपचूप चालतो.

मी म्हटले, राहू दे. मग म्हटले, दूध उतू जाईल. मग म्हटले, तुझी सासू वाट बघत असेल. ती हसून म्हणाली, काकू, तुम्ही मला हाकलताय की काय.

चाळीस मिनिटांत चालला. काय छापू विचारले. हिशेबाचे आठवलेच नाही. तिने इंग्रजीत बाळाचे पूर्ण नाव आणि आजची तारीख टाकली. कागद आला, स्वच्छ, काळाभोर. मी म्हटले, हुशार आहेस गं. तिला ब्लाऊजपीस दिला. ह्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

२६ ऑक्टोबर
प्रिंटर पुन्हा खोक्यात भरला. धूळ बसते.

बाळाला पत्र टाकले. सरस्वतीने छापलेला कागद पाठीमागून कोराच होता, त्याच्यावर लिहिले. चांगला कागद कशाला मोडायचा? मजकूर इथे उतरवून ठेवते:

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. प्रिंटर काही केल्या चालत नाही. पुष्कळ जणांनी पाहिला, कोणाला जमत नाही, एकही कागद निघाला नाही. तुझ्याशिवाय होणे नाही. दिवस दोन पुरतील, नाहीतर एकही चालेल. डाळ एक किलो ठेवली आहे, कीड लागू दिलेली नाही. कधी येतोस ते उलट टपाली कळव.