कोरडे ओठ

५ तारीख, सोमवार

सुटले एकदाची दवाखान्यातून! मुक्काम ताईकडे. माडीवरची खोली माझी. खिडकीखाली बेकरीचं मागचं दार. नाकात बोळे असल्यामुळे पावाचा वास मात्र फुकट जातोय. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरची गाठ नाकातून काढली. भावोजी म्हणाले, आता मेव्हणीला नाक मुरडायचीही सोय राहिली नाही. मला हसायलासुद्धा बेतानंच सांगितलंय. भावोजी घरात असताना ते कसं जमायचं?

अंगातल्या पाण्यावर त्या ग्रंथीचाच ताबा. ऑपरेशननंतर घशाला नुसती कोरड, आणि लघवी थांबेना. पाणी अंगात धरून ठेवणारी गोळी सुरू केल्यावर ताळ्यावर आलं. निघताना सिस्टरनं बजावलं: तहान लागेल तेवढंच पाणी प्यायचं, उगाच नाही. डोकं दुखलं, मळमळलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर तडक या. जास्त पाण्यानं रक्तातलं मीठ उतरलेलं असू शकतं. शुक्रवारी रक्त तपासायचंच आहे. ताईला सगळं सांगितलं. ती बरं म्हणाली.

६ तारीख, मंगळवार

तोंडानं श्वास घेऊन ओठ तडकलेत. ताई ते बघते आणि ग्लास पुढे करते. तहान नाही म्हटलं तर म्हणाली, अगं, ओठ काय सांगतायत बघ!

आईला शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. ताई उशाशी बसून तिचे कोरडे ओठ बघत राहिली होती. आज ते आठवून म्हणाली, पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत नाही हं. ग्लास रिकामा केला. दुसराही.

८ तारीख, गुरुवार

डोकं ठणकतंय. पोटात ढवळतंय. सकाळपासून लघवी नाही, तरी पाणी चालूच. आजच दवाखान्यात नेतेस का, विचारलं. ताई म्हणे, उन्हातून कशाला, उद्या जायचंच आहे. उलटी झाली. उलटीनं अंगातलं पाणी जातं म्हणून तिनं आणखी दोन ग्लास पाजले. तिच्या हाताला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

९ तारीख, शुक्रवार

जागी झाले तर ऊन उतरलेलं. ताईनं फोन करून तपासणी सोमवारवर ढकललीय. इतकी गाढ झोपले होते, उठवायला तिचा जीव होईना.

भावोजी कामासाठी बाहेरगावी. जिन्यावरून पडेन म्हणून ताईनं दाराला बाहेरून कडी घातलीय. हाक मारली की येते. ग्लास घेऊनच येते.

ती झोप नव्हती.

शनिवार

आज बोलायचं ठरवलं. म्हटलं, ताई, पाणी — पुढचा शब्द आलाच नाही. इतका साधा शब्द. ती केवढी हरखली. मागितलंस एकदाचं, म्हणाली. मी मान फिरवली. तिनं हनुवटी धरली. हळूच. मायेनं.

खिडकीतून बेकरीवाला दिसला. काच वाजवली. त्यानं हसून हात केला —

रविवा

बोटं उडतात आपोआप. भिंत जवळ

तोंडाचं काही खरं नाही. लिहून दाखवायचं. ताई वाचेल. आधी नको. ‘नको’ आधी लिहायचं. मग ‘पाणी’. मग दवाखा —

कडी वाजली. आली.

ताई बस. बघ. मोठ्या अक्षरात लिहि

ग्लास ठेवला तिनं. वाकून बघतेय. आधी — आधी काय —

ताई वाच

पाणी