लाल दार

९ नोव्हेंबर

खळ्ळ्! पत्र्याचा डबा सतरंजीवर उपडा झाला की असा आवाज यायचा. चौथीचा वर्ग, टेकडीवरची शाळा. ज्याची कविता न अडखळता पाठ, त्याला घरं बांधायच्या ठोकळ्यांच्या डब्याचं झाकण उघडायचा मान – ही बाईंची पद्धत. म्हणजे कवितेची गोडी मला लाच खाऊन लागली. थोर रसिक!

आज माझे ठोकळे टेबलावर ओतले. अगदी तोच नाद. डोळे मिटले. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून, "सांडलं का सगळं? पुन्हा पायात रुतलं तर केराच्या टोपलीत जाईल हं!" मला साठ वर्षांपूर्वीची दुपार आठवते, हिला तळपाय.

१२ नोव्हेंबर

तो वर्गच उभारतोय. चोवीसला आमच्या ठोकळे मंडळाचं प्रदर्शन. मंडळात सगळे पन्नाशीपुढचे, जबाबदार नागरिक. एक ठोकळा पिवळा की पिवळट, यावरून निवृत्त दंतवैद्य आणि पोस्टमास्तरीणबाई दोन महिने बोलत नव्हते.

बोटभर उंचीची माणसं बाकांवर बसवली. त्यांचे केस टोपीसारखे काढता-घालता येतात. देवानं माझ्या बाबतीत फक्त काढायची सोय ठेवली.

१४ नोव्हेंबर

ठोकळे लावताना चौथीतली कविता गुणगुणत होतो. ही म्हणाली, "चाळीस वर्षं तेच दळण! एव्हाना भिंतींनाही पाठ झालं असेल."

"भिंतींना काव्याची जाण आहे," मी म्हणालो.

भाजीत मीठ नव्हतं.

१६ नोव्हेंबर

वर्ग पूर्ण. दार सोडून.

लिहून टाकतो. बाईंच्या डब्यात दार एकच होतं – लाल, खालचा कोपरा कुणीतरी चावलेलं. मी ते खिशात घातलं. का? लाल होतं म्हणून! बाईंनी नुसतं विचारलं, "दार कुठंय?" आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडलो, "मी नाही घेतलं!" चोर म्हणून माझी लायकी तेवढीच. बाई तेव्हा जेमतेम विशीतल्या. चिडल्या नाहीत. डबा कपाटात ठेवला. "दार परत येईल तेव्हा झाकण उघडेल." त्यानंतरही कविता पाठ होत राहिल्या, झाकण उघडलं नाही. पुढे बाईंची बदली झाली. डबा बरोबर घेऊन गेल्या.

दार माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत. हिलाही सांगितलेलं नाही. आज बसवलं. टक्! निर्लज्जासारखं बरोब्बर बसलं.

१७ नोव्हेंबर

मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली शाळेचं नाव. वाहवा झाली. मग 'काडेपेटी' नावाचं कुणी नवीन सभासद उगवलं – "खिडक्या चुकल्या. उजव्या हाताला हव्यात."

मी लिहिलं, "अहो, वर्षभर त्याच वर्गात बसलोय. डाव्या हाताला!"

"तो वर्ग मलाही ठाऊक आहे. उजव्या."

असेल आमच्या वर्गातलाच एखादा मठ्ठ. सत्तरी आली तरी डावं-उजवं कळेना!

संध्याकाळी पुन्हा – "आणि ते दार कुठलं? कोपरा चावलेला दिसतोय."

फोन उपडा ठेवला.

१८ नोव्हेंबर

"बाजारात मिळालं," असं ठोकून दिलं. या वयात खोटं बोलायची घाई, बटण दोनदा दाबलं. एकच थाप दोनदा गेली.

उत्तर आलं, "असं?"

एवढंच. हे "असं?" मी पूर्वी कुठंतरी ऐकलंय.

२० नोव्हेंबर

दार काढून डबीत ठेवलं. वर्गाला भगदाड पडलं. बाकावरची बोटभर पोरं तिकडेच बघत बसली. परत लावलं. परत काढलं.

शेवटी ग्रुपवर लिहिलंच – "दार चोरीचं आहे. चौथीत मी चोरलं. माझ्यामुळे सगळ्या वर्गाचा खेळ बंद झाला. खिडक्या मात्र डावीकडेच होत्या! पटत नसेल तर घरी येऊन बघा." खाली पत्ता.

दंतवैद्यानं टाळ्यांचं चित्र पाठवलं. साठ वर्षांचं पाप, आणि टाळ्या!

हिनंही वाचलं. "म्हणजे त्या डबीत दार होतं? मला वाटायचं कुणाचं तरी पत्र जपलंय. चाळीस वर्षं फुकट जळले की हो मी!"

२३ नोव्हेंबर

बेल वाजली. काडेपेटीशी भांडायला तयार होऊनच दार उघडलं. काठी टेकत एक म्हातारी. पांढरेशुभ्र केस, काखेत गंजलेला पत्र्याचा डबा.

"उजव्या हातालाच रे! मी तुमच्याकडे तोंड करून उभी असायचे."

बाई!

लाल दार तळहातावर धरून पुढे केलं. त्यांनी कोपरा चाचपून पाहिला. डबा माझ्या हातात दिला. मी झाकणाला हात घातला, तर काठी आडवी आली.

"आधी कविता."

साठ वर्षं म्हणतोय. पहिलीच ओळ आठवेना. स्वयंपाकघरातून हिनं सांगितली.