अमेरिकेची जुनी मासिके आणि एकतीस पत्रे

मी, सदाशिव कृष्णाजी, वय ७९, निवृत्त गणितशिक्षक, राहणार राजवाड्यामागील गल्ली, तंजावूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी धाक वा लालूच दाखवलेली नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील ठेव भुवनाला. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, माझे सारे तीच पाहते. मुलगा सुरेंद्र ओहायोत असतो. घर नको, असे तोच म्हणाला.

२. पितळी कॉफी फिल्टर शेजारच्या रघुपतीला. नऊ वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडीही आता त्याचीच.

३. अमेरिकन मासिकांच्या चार ट्रंका सुरेंद्रला. त्यामागची हकीकत अशी.

त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले म्हणून मी त्याच्याशी फोनवर बोलणे सोडले. फक्त पत्रे लिहीत असे. २०१२ साली माझी पत्नी कमलाक्षी अंथरुणाला खिळली. फोन करू या, असे ती म्हणाली. मी म्हटले, लेखी कळवले आहे. चाळीस दिवस ती दाराकडे पाहत होती. तो आला नाही. ती गेल्याचे भुवनाने त्याला फोनवर सांगितले, तेही चौदाव्या दिवशी.

पुढे तिरुवैयारुच्या रद्दीवाल्याकडे १९५०-६०च्या दशकांतली ही मासिके मिळाली. पोटचा मुलगा असा दगड कशाने होतो, ते मला त्या देशात शोधायचे होते. मोठ्या लोकांच्या बातम्या मी सोडून देई. मागच्या पानांवर गावोगावचे बारीकसारीक छापलेले असे: हरवलेला कुत्रा, भोपळ्याचे बक्षीस, बंद पडलेला पूल. फेब्रुवारी १९६१च्या अंकात एक किराणा दुकानदार आजारी आईसाठी दोन दिवस बर्फातून गाडी हाकत गेला. मी खाली लाल रेघ मारली. त्यांचे मुलगे जातात, माझाच नाही, म्हणून राग दुप्पट झाला.

गेल्या मार्गळी महिन्यात, डिसेंबरअखेर, सुरेंद्र आला. पिशवीतून एकतीस पत्रे काढून म्हणाला, “अप्पा, हें तुमचें अक्षर मला वाचायाला येत नाहीं. रागेंच भरलां असाल म्हणून कोणाला दाखविलों नाहीं. काय लिहिलां तें सांगा की.”

इथल्या शाळेत तमिळ आणि इंग्रजीच; मराठीची बाळबोध लिपी मी भुवनाला घरी शिकवली. स्वतःच्या मुलासाठी सवड काढली नाही, आणि लिहिताना ते ध्यानातही आले नाही. वरचेच पत्र आईच्या आजाराचे होते. मी चष्मा काढला आणि म्हणालो, “हवापाण्याचें लिहिलों. दुसरें काय?” त्याने विश्वास ठेवला. पत्रे इथेच टाकून परत गेला.

४. हा कागद भुवनाने त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकले की त्याला कळते. मग कपाटातले ९ ऑगस्ट २०१२चे, त्याच्या आईच्या आजाराचे पत्र वाचावे, सावकाश.

सुरेंद्र, तुझा काही दोष नव्हता. तुझी आई तुझी वाट पाहत गेली, तो अपराध माझा आहे. तोंडावर सांगायचे धैर्य झाले नाही.

५. मी गेल्यावर त्याला पत्र पाठवू नये. त्याच दिवशी फोन करावा.

सही: सदाशिव कृष्णाजी
तंजावूर, ३ मार्च २०२५

साक्षीदार:
१. रघुपती (सही तमिळमध्ये, मजकूर तोंडी समजावून सांगितला. शिडीचे कबूल.)
२. श्रीविद्या, निवृत्त शिक्षिका