तीनची कॉफी आणि उशिराचा शिक्का

प्रिय रोझविताताई,

पंचाहत्तरीच्या मनापासून शुभेच्छा आणि वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझी कंबर बरी आहे. डोकं मात्र हानोवर स्टेशनात फिरलं, आणि तिथल्याच बाकावरून हे लिहितो आहे.

चार वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही दोन ओळींचं: ‘कॉफी तीन वाजता. उशीर होणार असेल तर येऊ नकोस.’ (टोमणा पोचला. माझ्या निवृत्तीच्या जेवणाला तू अकरा मिनिटं उशिरा आलीस, मी तोवर सूप वाढायला लावलं होतं, आणि तू आल्या पावली परत गेलीस.) म्हणून आज दीड तास हाताशी ठेवून गॉटिंगेनहून निघालो. वाटेत रुळांवर मेंढ्या आल्या. गाडी तासभर उभी, हानोवरची पुढची गाडी चुकली.

माझं तिकीट स्वस्तातलं, त्या एकाच गाडीला बांधलेलं. पण खोळंबा रेल्वेकडून झाला तर ते बंधन सुटतं, कुठल्याही गाडीत बसता येतं. (नियम मला तोंडपाठ आहेत, हे तुला सांगायला नको.) समोरच तुझ्या ल्युनेबुर्गची गाडी उभी होती. शहाणा माणूस चढला असता आणि तीनच्या आत तुझ्या दारात पोचला असता. पण मी चाळीस वर्षं नगरपालिकेत शिक्के मारलेत. बिनशिक्क्याचा उशीर माझ्या घशाखाली उतरेना. उशिराच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलो. शिक्का मिळाला, तोवर गाडी निघून गेली. मग मी तिचाही दाखला मागितला.

खिडकीतली बाई म्हणाली, “आजोबा, पहिली चुकली ती आमच्यामुळे. दुसरी तुमच्या हौसेमुळे. हौसेचा शिक्का आमच्याकडे नाही हो!” मग मी तुझं पत्र दाखवलं, तशी ती जरा विरघळली. म्हणाली, “तीनची कॉफी तर हुकलीच. जायचं कारणच उरलं नसेल तर फुकट परत जाता येतं, हक्क आहे तुमचा. हा अर्ज भरा.”

हक्क तो हक्क. शिवाय तुझी अट स्पष्ट आहे, आणि लेखी अट मी जन्मात मोडलेली नाही. तेव्हा परत फिरतो. राग मानू नकोस.

तुझा धाकटा,
फोल्कमार

ता. क. अर्जावर ‘प्रवासाचं कारण उरलेलं नाही’ असं छापलं होतं आणि खाली सही करायची होती. हात चालेना. कारण कॉफी नव्हतीच गं ताई, तू होतीस. अर्ज फाडला. आयुष्यातला पहिलाच.

ता. क. २. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही हे बघितलंस ना? हे मीच दाराखालून सरकवलंय. घंटा वाजवली नाही, अट तुझी आहे. पाच वाजलेत, तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसलोय. केक संपला असला तरी चालेल. उशिराचा शिक्का आणलाय, दाखवायला आत येऊ का?