आधी कर्ज, मग घर

डीमन, अ‍ॅमस्टरडॅमच्या कडेला
जुलै २०२०

प्रिय सुरेखा हिला आक्काचा सप्रेम जयभीम,

तुझा गुडघा कसा आहे? बाळासाहेबांची साखर आटोक्यात आहे का, की लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद म्हणून घरातच जिलेबी पाडायला शिकलेत? (फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणतेस, पण मागे कढई चुरचुरत असते.) आम्ही इथे सुखरूप आहोत. मी तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली म्हणून राहिले, हे गल्लीत सगळ्यांना नीट सांग, नाहीतर सुनेला चिकटून बसली म्हणतील. व्हिसा इथल्या सरकारनं वाढवून दिला. मी एसटीच्या बुकिंगच्या खिडकीत अख्खी नोकरी काढली, पण कुणाच्या पासाची मुदत मी इतक्या गोडीत वाढवून दिल्याचं मला आठवत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. या घरात बोलायला जागा नाही गं. राकेश जेवणाच्या टेबलावर ऑफिस करतो, समता झोपायच्या खोलीत कपाटाला पाठ लावून विद्यापीठाचं संशोधन करते, आणि नात निशिगंधा सुट्टी लागल्यापासून सोफ्यावर लोळून डच कार्टून बघते. मी तोंड उघडलं की ते कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये ऐकू जातं. परवा 'कुकर बंद कर गं' म्हणाले, तर राकेशचा लंडनचा साहेब म्हणे दचकला. म्हणून लिहिते आणि पानांचे फोटो काढून तुला पाठवते. पुढे कुणाला पाठवू नकोस.

तर झालं असं, की यांच्या या घराचा करार संपत आलाय आणि मालकाच्या मुलाला इथे राहायला यायचंय. दोघांनी ठरवलं, आता भाड्याचं पुरे, विकतच घेऊ. मला वाटलं, चला, घरं बघायला फिरू. पण इथली रीत उलटी. आपल्याकडे माणूस आधी घर बघतो, त्याच्या प्रेमात पडतो आणि मग कर्जासाठी रडतो. इथे आधी सल्लागार गाठायचा, त्यानं पगार, नोकरी, खर्च सगळं तपासून बँक किती देईल ते सांगायचं, आणि तो कागद खिशात असल्याशिवाय एजंट तुम्हाला दाद देत नाही. यांना तर एक घर फोटोत आवडूनही बसलं होतं, मागे हातरुमालाएवढी बाग असलेलं. त्यामुळे घाई.

सल्लागाराशी भेट अर्थात कॉम्प्युटरवर. पोरगेलासा माणूस, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. मला नुसतं योरिस म्हणा, म्हणाला. कर्ज मिळवून देणाऱ्या माणसाला मी एकेरी कशी हाक मारू? मी योरिसराव म्हणायचं ठरवलं. त्यानं आधी आडनावाचं स्पेलिंग विचारलं. राकेशनं हिवराळे एकेक अक्षर करून सांगितलं, तरी त्यानं लिहिलं ते वाचून मला माझ्याच सासरचे लोक ओळखू येईनात. मग प्रश्न सुरू झाले. गाडी आहे का, आणखी कुठलं कर्ज आहे का, समताची नोकरी मुदतीची आहे, तर पुढेही तिला ठेवायचा विचार असल्याचं तिच्या प्रोफेसरबाई लिहून देतील का. मी बाजूला बसून मेथी निवडत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. (समतानं आधीच तशी गोड विनंती केली होती.)

मग त्यानं विचारलं, तुमचा पुढे इथेच राहायचा विचार आहे ना? राकेश म्हणाला, हो, अर्थात. आता तूच सांग सुरेखा. हाच मुलगा विमानतळावर माझ्या पाया पडून म्हणाला होता की आई, फक्त पाच वर्षं. ती पाच वर्षं कधीच उलटून गेली. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ही टोल्ड मी फाइव्ह इयर्स ओन्ली. देन रिटर्न."

योरिसराव माझ्याकडे बघून हसले. मग दोघांकडे बघून म्हणाले, आपण पुढच्या आठवड्यात परत बोलू. आणि पडदा काळा झाला.

"आई, तू मुद्दाम बोललीस का?" राकेशनं विचारलं.

"खरं तेच बोलले," मी म्हणाले.

त्यानं कॉम्प्युटर मिटला आणि उठून गेला. समता तर आणखीच मऊ पोळ्या वाढायला लागली. सून भांडली तर उत्तर देता येतं, मऊ पोळीला काय उत्तर देणार? दोन दिवसांत ते बागेचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. राकेशनं फोनवर ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी आमटीत कांदा फार झाला.

मी तरी हटले नव्हते. निशिगंधाला फोडावं म्हणून तिला विचारलं, औरंगाबादला कायमचं राहायला येतेस का? तिनं नीट विचार केला आणि अर्धं इंग्रजी, अर्धं डच करून सांगितलं की तिची पोहण्याची एक परीक्षा राहिली आहे, करोनामुळे तलाव बंद होता. इथे पोरं पोहण्याच्या परीक्षा देतात आणि चड्डीवर बिल्ले शिवून घेतात. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर? म्हणाली, मग शाळेची सहल आहे. एवढंसं पोर, पण पाच वर्षांचं गणित बापापेक्षा प्रामाणिकपणे मांडत होतं.

त्या संध्याकाळी समता म्हणाली, चला आई, पाय मोकळे करून येऊ. आम्ही पाण्याच्या कडेनं चाललो होतो. ती सहज बोलावं तसं बोलली, "आई, लग्नानंतर पुण्यात आम्ही घर शोधत होतो ना, तेव्हा आधी आडनाव विचारायचे आणि मग खोल्या दाखवायचे. पुष्कळदा दाखवायचेच नाहीत. एका बाईंनी तर चहाचं आधण ठेवलं होतं. आडनाव ऐकलं आणि त्यांना आठवलं की पुतण्या राहायला येणार आहे."

"मला तर राकेश म्हणाला होता की तिथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तसं सांगितलं. इथे त्या योरिसनं आडनाव विचारलं ते फक्त लिहिण्यापुरतं. मला एवढंच पाहिजे होतं, आई. बाग नसली तरी चालेल."

सुरेखा, मी त्या काळात पुण्यात पाण्याची फार टंचाई असते असं चारचौघांत सांगत फिरले होते. तुलाही सांगितलं होतं. आपल्या वेळी जे झालं ते झालं, शिकल्यासवरल्यावर पोरांच्या वाट्याला ते येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. समतानं माझा हात धरला आणि परत येईपर्यंत सोडला नाही. (इथे सगळीकडे दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, पण एका घरातल्यांना चालतं.)

पुढच्या आठवड्यात योरिसराव कॉम्प्युटरवर पुन्हा आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून खुर्ची ओढली, राकेशचा चेहरा पडला, तरी मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "सर, फाइव्ह इयर्स इज कॅन्सल्ड. दे आर स्टेइंग हियर. आय अ‍ॅम द मदर, आय अ‍ॅम टेलिंग."

योरिसराव गोंधळले. म्हणाले, कुठली पाच वर्षं? राकेशनं मागचं सगळं समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की माझं ते बोलणं तर त्यांनी लिहूनच घेतलं नव्हतं, सगळ्यांच्या आया असंच बोलतात, त्यांची स्वतःची आईही त्यांनी परत गावाकडे यावं म्हणून मागे लागलेली असते. गाडी अडली होती ती समताच्या प्रोफेसरांच्या पत्रापाशी. ते पत्र योरिसरावांनी मागच्या भेटीच्याच दिवशी ईमेलनं मागितलं होतं.

"कुणाला ईमेल?" समतानं विचारलं.

राकेश कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागला. ती ईमेल त्याला आली होती आणि त्यानं ती उघडलीच नव्हती. म्हणजे माझ्या बोलण्यानं कर्ज अडलं म्हणून आठवडाभर तोंड पाडून बसले मी, आणि बागेचं घर गेलं ते चिरंजीवांच्या आळसानं. समता त्याच्याकडे अशी बघत होती की मी उठून आत गेले. त्या रात्री पोळ्या राकेशनं लाटल्या. मऊ नव्हत्या.

प्रोफेसरबाईंनी पत्र एका दिवसात दिलं आणि कालच योरिसरावांचा होकार आला. मी लगेच शेवयांची खीर केली, शेजारच्या डच आजींच्या दारात वाटी ठेवली, बेल वाजवून लांब उभी राहिले आणि दुरूनच 'हाऊस, हाऊस' म्हणून सांगितलं. त्यांनीही छातीवर हात ठेवून अभिनंदन केलं. घरात आल्यावर राकेश म्हणाला, आई, घर मिळालं नाही अजून, नुसती घर बघायची मुभा मिळाली आहे. असू दे. खीर चांगली झाली होती. आज दोघं एक घर बघून आले. आत दोघांनाच सोडतात, तेही मास्क लावून आणि बुटांवर पिशव्या चढवून, आणि खिडक्या नीट मोजायच्या आत बाहेर काढतात. मी आणि निशिगंधा खाली फुटपाथवर उभ्या होतो. समतानं वरून हात केला, तेव्हा ते घर तिचंच असल्यासारखं दिसलं.

तब्येत सांभाळ. बाळासाहेबांना जयभीम सांग आणि कढई वर ठेवायला सांग.

तुझी,
गयाआक्का

ता. क. - ऑगस्टमधल्या खास विमानात माझी जागा पक्की झाली आहे. आल्यावर चौदा दिवस कोंडून ठेवतील म्हणतात. डबा तूच पाठव, पण तिखट कमी.

ता. क. दुसरा - ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. माझ्या घराचा वरचा मजला मी राकेश-समतासाठी बांधला, फरशी बसवली, पडदे शिवले आणि इतकी वर्षं कुणाला दिला नाही. तुमच्या कॉलनीतली ती नवी नर्स नवऱ्यासाठी आणि स्वतःसाठी जागा शोधतेय ना, तिला तो दे. भाडं तू ठरव. किल्ली तुझ्याकडे आहेच. मात्र मी पोचायच्या आत त्यांचं सामान वर चढलेलं असू दे, मी समोर असले तर माझ्याच्यानं किल्ली दिली जायची नाही. पडदे तेवढे आधी उतरवून, धुऊन, घडी घालून इकडे पाठवायला ठेव. इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, पण आपण लावले तर कोण काय म्हणणार आहे? घर कुठलं मिळेल ते ठाऊक नाही, मापं नंतर कळवते.